ठमाबाईसमोर आवाज चढवायचा नाही

"एक मांजर दवाखान्यात न्यायचं, आणि त्यासाठी एवढा गहजब?" मास्तरांनी बायकोसमोर हातातला कप बशीत आपटला. "अगं, समोर ट्रक दिसला की डोळे गच्च मिटून घेणाऱ्या माणसांना मी गाडी शिकवली आहे! त्यांच्यापुढे मांजर म्हणजे काय? माझ्यावर सोड. महिन्याभरात तुझी ठमाबाई आपण होऊन गाडीत बसेल आणि वर सीटबेल्ट मागेल!"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. स्कूल त्यांचं, गाडी त्यांची, आणि त्या गाडीतून बाहेर पडणारा आवाजही त्यांचाच. गाडी दोन गल्ल्या लांब असतानाच मास्तर येऊन पोचलेले असायचे. गाडीचा हॉर्न कधी बिघडला हे कुणालाच आठवत नव्हतं, कारण तो दुरुस्त करायची वेळच आली नव्हती. त्यांच्या रागालाही गाडीसारखे गिअर होते. पहिल्या गिअरमध्ये शिकणारा माणूस 'आपण' असायचा, दुसऱ्यात 'तुम्ही', तिसऱ्यात 'तू', आणि चौथा पडला की सर्वनामं संपून नुसती विशेषणं उरायची.

तर असा हा माणूस, आणि त्याला स्वतःच्याच घरात रागवायची बंदी झाली! कुणामुळे? एका मांजरामुळे. मांजरामुळेही नाही, मांजराच्या एका दातामुळे!

ठमाबाई ही मास्तरांच्या घरातली सगळ्यात वजनदार व्यक्ती. वयानं म्हातारी, अंगानं गोल, स्वभावानं सासू. मागच्या महिन्यात तिचा वरचा एक दात हलायला लागला आणि गाल सुजला. ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, एक घास उचलायची आणि कळवळून मागे सरायची. मग ताटलीकडे पाठ करून बसून राहायची. ते दृश्य मास्तरांना बघवत नसे. मांजराचं कौतुक त्यांनी चारचौघांत कधी केलं नाही, पण संध्याकाळी ते आडवे झाले की ठमाबाई पोटावर येऊन बसायची आणि तास तास हलायची नाही, मास्तरही हलायचे नाहीत. आता ती पोटावर यायची तेव्हा वजन लागत नव्हतं. मास्तरांना त्याची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्यांना राग यायचा. कशावरही यायचा.

पहिल्यांदा तिला दवाखान्यात नेलं तेव्हा नेहमीचाच तमाशा झाला. दोघांनी मिळून तिला मांजर न्यायच्या पेटीत कोंबलं, त्यात मास्तरांच्या दोन्ही हातांवर तिनं नकाशे काढले. वाटेत एक स्कूटरवाला आडवा आला, मास्तरांनी त्याची यथासांग पूजा बांधली. दवाखान्यात पोचेपर्यंत ठमाबाई तोंड वासून कुत्र्यासारखी धापा टाकत होती.

डॉक्टरांनी तिच्या वासलेल्या तोंडात लांबूनच बघितलं, हातसुद्धा लावला नाही. हे डॉक्टर अतिशय हळू बोलत. समोरच्याला झोप यावी इतकं हळू.

"हिचं काळीज म्हातारं झालंय," ते म्हणाले. "इतकी घाबरली तर दात राहील बाजूला, मांजरच जायचं. बेशुद्ध करायचीही मला भीती वाटते. दात नुसता लोंबतोय, चिमटा लावला की निघेल. पण तिनं शांतपणे तोंड उघडू दिलं पाहिजे. आधी तिला पेटीची सवय करा, गाडीची सवय करा, मग आणा. तोवर औषध देतो, पण फार दिवस काढू नका. आतून पिकलं तर कठीण होईल."

बाहेर पडताच मास्तरीणबाईंनी निकाल दिला. बाई ग्रंथालयात काम करतात. आयुष्य 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेलं, त्यामुळे त्यांचा निकालसुद्धा कुजबुजतच येतो.

"तुमच्या आवाजामुळे झालं हे. आजपासून ठमाबाईसमोर आवाज चढवायचा नाही. म्हणजे नाही!"

आता तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? स्कूटरवाला आडवा आला त्याचं काही नाही, आणि शिक्षा कुणाला? पण बाईंचे डोळे भरून आले होते. मास्तरांनी मान हलवली, आणि जिभेला कुलूप लागलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मास्तरांनाच माहीत. ठमाबाई घरभर फिरायची, म्हणजे घरभर बंदी! टीव्हीवर लोक तावातावानं खोटं बोलत होते आणि मास्तरांना साधं "अरे गाढवा!" म्हणता येत नव्हतं. वरच्या मजल्यावरचा इसम ऐन दुपारी भिंतीत खिळे ठोकत होता आणि मास्तर उशीत तोंड खुपसून त्याला शिव्या घालत होते. त्यात मेहुणीचे फोन! ही मास्तरीणबाईंची धाकटी बहीण. तिच्याकडे मांजरांचं आख्खं वसतिगृह आहे, आणि मांजरं पाळणाऱ्यांचा एक ग्रुपही ती फोनवर चालवते.

"भाऊजी, पेटी दिवाणखान्यात उघडी ठेवा. आत तिचं जुनं पांघरूण घाला. जेवण आतच द्या. तिला वाटलं पाहिजे, ही माझी खोली आहे."

"आणि माझी खोली कुठली?" मास्तरांनी विचारलं. पण हळूच.

खोटं कशाला बोला, मेहुणीचा हा सल्ला लागू पडला. ठमाबाईनं पेटी हुंगली, दोन दिवस रुसून बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी आत शिरून जी पसरली ती पसरलीच. मग पुढचा हुकूम आला. रोज गाडीत एक फेरी. पेटी पुढच्या सीटच्या मागे खाली ठेवायची, वरून टॉवेल घालायचा, गाडी सावकाश चालवायची, मांजराशी गोड बोलायचं, आणि शाबासकी म्हणून अधूनमधून मऊ खाऊ चाटवायचा.

"मला तर गाडी येत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच न्या. रिकाम्या रस्त्यावर न्या. तिच्याशी बोला, गुणगुणा जरा."

"गुणगुणा?" मास्तरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांचे शिकवणीचे तास एकाला एक चिकटलेले. रिकामा रस्ता कुठून आणायचा आणि रिकामी गाडी कुठून? तरी ते "बरं" म्हणाले. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जी दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात आली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठमाबाईची पेटी उचलली, शिकवणीच्या गाडीत मागे खाली ठेवली, वर टॉवेल टाकला, आणि पहिल्या तासाला निघाले.

पहिला तास शिंप्याचा होता.

हा शिंपी म्हणजे फार सज्जन माणूस. पण आयुष्यभर शिलाई मशीन चालवल्यामुळे त्याचा पाय एका जागी दबून राहायचाच नाही. दाब, सोड, दाब, सोड! गाडी पुढे जायची ती टाके घालत. आणि अशा गाडीत मास्तरांना बसवायचं, पायाखाली त्यांचा जादा ब्रेक, मागे मांजर, आणि म्हणे गोड बोला!

"आपण," मास्तर दात आवळून म्हणाले, "आपण पाय जरा स्थिर ठेवाल का?"

"ठेवलाय की, मास्तर."

गाडीनं गचका खाल्ला.

"तुम्ही याला ठेवणं म्हणता?"

अजून एक गचका. समोरून पाण्याचा टँकर वळला.

"अरे, पाय काढ! पाय! तो नाही, दुसरा! सुई नाही ती, एक्सिलरेटर आहे! कुणाच्या बाहीला टाके घालतोयस, रस्त्याला का माझ्या नरड्याला?"

टँकर गेला. मास्तर घामानं निथळत होते. कित्येक दिवसांनी त्यांचा घसा मोकळा झाला होता आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. मग एकदम आठवलं. ठमाबाई! मेली बहुतेक! त्यांनी मागे वळून टॉवेल वर केला. ठमाबाई जागी होती, डोळे मोठे झाले होते. मास्तरांनी घाईघाईनं खाऊ पुढे केला. तिनं तो चाटला. म्हणजे घाबरलेली नसावी, असं मास्तरांनी ठरवलं.

मग तो क्रमच होऊन बसला. शिंपी टाके घालायचा, मास्तर भडकायचे, भडकून झाल्यावर मनाला टोचणी लागायची, आणि टोचणी लागली की ते मागे हात करून ठमाबाईला खाऊ द्यायचे. काही दिवसांत अशी वेळ आली की मास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला की ठमाबाई आपली आपण पेटीत जाऊन बसायची. गाडीत तर ती डुलकी काढायची. मास्तरांचा तिसरा गिअर पडला की ती एक डोळा उघडून खाऊची वाट बघायची.

घरी आल्यावर मास्तरीणबाई विचारायच्या, "कशी होती?"

"शहाण्यासारखी."

"गुणगुणलात?"

"सारखा."

"बघा!" बाई कौतुकानं कुजबुजायच्या. "प्रेमानं बोललं की कसं होतं ते!" आणि लगेच फोन उचलून बहिणीला सांगायच्या. मेहुणीनं ते सगळं ग्रुपवर टाकलं. 'आमचे भाऊजी' असं म्हणून मास्तरांचा फोटोसुद्धा टाकला. मग अनोळखी बायकांचे संदेश यायला लागले. दादा, तुम्ही मांजराशी नेमकं काय बोलता? दादा, कुठली चाल गुणगुणता? मास्तर त्यांना चडफडत उत्तरं लिहायचे: 'हळू बोलावे. मनात राग ठेवू नये.' हे लिहिताना त्यांचं बोट फोनच्या काचेवर असं आपटायचं की एकदा काचेला चरा गेला. ज्या माणसाला आयुष्यात कुणी शांत म्हटलं नाही, त्याला आता लोक शांतीचे धडे विचारत होते, आणि या अपमानाबद्दल रागवायचीही सोय नव्हती!

दवाखान्याचा दिवस उजाडला. ठमाबाईचा गाल आता चांगलाच सुजला होता. आदल्या दिवशी तिनं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. बाईंनी रजा घेतली.

"मी मागे बसते तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोजच्यासारखं करा. अगदी रोजच्यासारखं."

मास्तर आता माघार कुठे घेणार? ठमाबाई आपण होऊन पेटीत बसली, बाईंनी तिचा मुका घेतला, मास्तर स्टिअरिंगवर बसले, आणि गाडी सुरू झाली. मास्तरांनी चालवलेली गाडी म्हणजे काय विचारता! न गचका, न धक्का. आणि आत चिडीचूप.

पहिल्या वळणावर ठमाबाईनं डोकं वर केलं. दुसऱ्या वळणावर तिचे कान मागे गेले. हे काय चाललंय? गाडी गचके का खात नाही? हा माणूस गप्प का आहे? काहीतरी भयंकर घडणार आहे! तिच्या घशातून एक बारीक गुरगुर निघाली.

"अहो, घाबरतेय ती," बाई म्हणाल्या. "बोला ना तिच्याशी. रोज बोलता तसं बोला."

"अं... बाळ," मास्तर म्हणाले.

आयुष्यात त्यांनी कुणाला बाळ म्हटलं नव्हतं. ठमाबाईला ते ताबडतोब कळलं. गुरगुरीचा आवाज वाढला.

"असं नाही हो! रोजच्यासारखं! गुणगुणता ना रोज? ते गुणगुणा!"

मास्तर गुणगुणले. तो आवाज कसा होता ते मी सांगत नाही, तुम्हाला रात्री झोप लागायला हवी. ठमाबाईनं किंकाळी फोडली आणि पेटीच्या झाकणाला धडक दिली. एवढ्यात डावीकडून एक टेम्पो, ना हात ना दिवा, सरळ आडवा घुसला. मास्तरांच्या नरड्यात साखळी तुटलेल्या कुत्र्यांसारखे शब्द गोळा झाले. त्यांनी ते गिळले. चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "किती बदललात हो तुम्ही!"

मागून वास यायला लागला. ठमाबाईनं पांघरूण ओलं केलं होतं.

दवाखान्यात शिरल्याबरोबर मास्तरांचं डोकं आणखी फिरलं. मंद दिवे. मंद संगीत. मांजरांना शांत वाटावं म्हणून कसलासा फवारा मारलेला, त्याचा वास. भिंतीवर झोपलेल्या मांजराचं चित्र आणि खाली 'कृपया हळू बोला'. अहो, ज्याची मांजर आत धापा टाकतेय त्याला शांत बसायला सांगता? दारात कंपाउंडर बोट ओठांवर ठेवून उभा. मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं बोट आपोआप खाली आलं.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी पेटीचं झाकण हलकेच उचललं. ठमाबाई गोळीसारखी सुटली, टेबलावरून खाली, आणि बेसिनखाली कोपऱ्यात जाऊन फुगली. तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळ्यांत नुसतं काळं.

"सवय केली होती ना?" डॉक्टर हळू म्हणाले.

"रोज!" बाईंचा आवाज कापत होता. "रोज नेत होते हे. इतकी शांत असायची!"

डॉक्टर खाली वाकले, पुन्हा उभे राहिले. "आज हात लावला तर ती हाय खाईल. दिवस घालवले तर आत पू होईल, मग बेशुद्ध करण्यावाचून मार्ग नाही. आणि त्यातून ती उठेल, असं वचन मी देणार नाही. थोडा वेळ बघू. सगळ्यांनी अगदी शांत राहा."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या, तेही आवाज न करता. मास्तर खिडकीकडे वळले. त्यांना बेसिनखाली बघवत नव्हतं. पोटावर बसलेलं ते हलकं झालेलं वजन आठवत होतं. आपण खोटं बोललो, आणि आता हिचा जीव जाणार, आणि बोलायचीही चोरी! भीती आणि राग यांची छातीत झटापट चालली होती.

खिडकीखाली दवाखान्याचं आवार होतं. तिथे मास्तरांची गाडी उभी होती. तिच्याशेजारून एक गृहस्थ आपली भली मोठी गाडी मागे काढत होते. आरशात न बघता! मान न वळवता! एका हातात फोन धरून! मास्तरांच्या गाडीपासून हातभर अंतर राहिलं. मग वीतभर.

मास्तरांनी खिडकीची कडी उघडली.

"अहो आपण! आपल्या गाडीला आरसा आहे, तो भांग पाडायला दिलाय का?"

"श्श!" डॉक्टर.

"अहो!" बाई.

"तुम्ही! तुम्हालाच सांगतोय! फोन ठेवा आधी! डावीकडे काप! डावीकडे! तुझं डावं कुठलं ते तुला घरातून विचारून यायचं होतं का? अरे ब्रेक! ब्रेक म्हणतात त्याला! पाय आहे का तुला, का नुसती चप्पल घालून फिरतोस? बिनडोक! आंधळ्या! रस्त्याला लागलेला रोग!"

गेल्या कित्येक दिवसांचं सगळं बाहेर आलं. टीव्हीवरचे लोक आले, खिळे ठोकणारा आला, मेहुणी आली, तिचा ग्रुप आला. खिडकीची काच थरथरत होती. बाहेर बसलेले दोन कुत्रे मालकांसकट उठून उभे राहिले.

आणि मास्तरांच्या पायाला काहीतरी मऊ लागलं.

त्यांनी खाली बघितलं. ठमाबाई बेसिनखालून बाहेर आली होती. तिनं पुढचे पाय ताणून आळस दिला, मास्तरांच्या पोटरीला अंग घासलं, आणि खाली बसून त्यांच्या खिशाकडे बघायला लागली. श्वास संथ. कान सरळ. खाऊ कधी मिळणार, एवढाच प्रश्न चेहऱ्यावर.

डॉक्टरांनी अलगद तिला उचलून टेबलावर ठेवलं. तिनं ठेवू दिलं. त्यांनी ओठ वर केला. तिनं करू दिला.

खाली ते गृहस्थ घाबरून गाडी सरळ करून निघून गेले. आवार रिकामं झालं. शांतता पसरली, आणि ठमाबाईची शेपटी फुगायला लागली.

"थांबू नका!" डॉक्टर म्हणाले. "बोला! बोलत राहा!"

"कुणाला बोलू? गेला तो!"

"कुणालाही! नुसतं ओरडा!"

"ए!" मास्तर भिंतीवरच्या चित्राला म्हणाले. "अरे... मूर्खा! क्लच दाब!"

ठमाबाईनं त्यांच्याकडे तुच्छतेनं बघितलं आणि गुरगुरली. इतके दिवस अस्सल माल खाल्लेली मांजर ती, खोटा राग तिला खपणार होता होय?

"येत नाही हो असा!" मास्तर हताश झाले. "समोर कुणीतरी चुकावं लागतं!"

डॉक्टरांचा एक हात ठमाबाईच्या मानेवर होता, दुसऱ्यात चिमटा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि दाराकडे बघून हाक मारली. कंपाउंडर आत आला.

"टेबलावरच्या किल्ल्या घे, माझी गाडी सुरू कर आणि आवारात मागे घे."

"साहेब, मला गाडी चालवता येत नाही."

"म्हणूनच!"

पुढची काही मिनिटं त्या दवाखान्याच्या भिंती विसरणार नाहीत. कंपाउंडर गाडीत बसला आणि त्यानं सगळ्यात आधी पाणी मारून काच पुसायला सुरुवात केली.

"अरे, आंघोळ घालतोस का तिला? क्लच दाब! क्लच!"

"कुठला क्लच, साहेब?" खालून केविलवाणा आवाज आला.

"कुठला म्हणजे? डझनभर असतात का? डावा पाय! हळू सोड! हळू म्हणतोय मी, गाढवा! अरे मागे! मागे म्हटलं की पुढे कुठे निघालास? कुंडी! कुंडी बघ! अरे कुंडीऽऽ!"

कुंडी गेली. मास्तर चौथ्या गिअरमध्ये होते. टेबलावर ठमाबाई तोंड उघडून, डोळे अर्धे मिटून पडली होती. बाई हातात टॉवेल धरून उभ्या होत्या आणि मांजराकडे बघतच नव्हत्या. त्या मास्तरांकडे बघत होत्या.

"झालं!" डॉक्टर म्हणाले. चिमट्यात दात होता. "काळजीचं काही नाही. ठणठणीत आहे. गाल चार दिवसांत उतरेल." मग ते दात घेऊनच खिडकीपाशी आले आणि त्यांनी खाली बघितलं. त्यांची गाडी फुलझाडांच्या वाफ्यात उभी होती, मागचा दिवा फुटलेला, आणि कंपाउंडर दोन्ही हात वर करून आत बसला होता. हळू बोलणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून एक असा शब्द निघाला की ठमाबाईनं कौतुकानं मान वळवली.

मास्तरांनी ठमाबाईला उचललं. त्यांनी तिच्या डोक्यावर नाक टेकवलं आणि चारचौघांत, डॉक्टरांच्या देखत, तिला पोटाशी धरून उभे राहिले. ती जगणार होती, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

बाई पेटी घेऊन मागे बसल्या. गाडी रस्त्याला लागली. ठमाबाईनं इकडेतिकडे बघितलं, शांतता ऐकली, आणि बारीक आवाजात रडायला लागली.

"बोला," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड उघडलं. काही येईना. मन इतकं हलकं झालं होतं की रागाला बसायला जागाच नव्हती. त्यांनी शिंपी आठवून बघितला. काय सज्जन माणूस! टेम्पोवाला आठवला. असेल बिचारा घाईत. एक बाई रस्त्याच्या मधोमध थांबून पिशवीत काहीतरी शोधायला लागली, मास्तरांनी गाडी थांबवली आणि तिला हसून हात दाखवला.

"राग येत नाहीये गं," ते म्हणाले.

"येत नाहीये?" बाई अगदी हळू, ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाल्या. "मला येतोय."

"अं?"

"सकाळचा पहिला तास शिंप्याचा असतो, माहीत आहे मला! रोज त्याच्यावर ओरडत होतात. माझ्या ठमाबाईला मागे बसवून! आणि मला सांगत होतात, गुणगुणतो?" आवाज जरा वर चढला. "मी बहिणीला सांगितलं! सगळ्या ग्रुपला सांगितलं! त्या बायका आपापल्या नवऱ्यांना तुमचं उदाहरण देतात!" आवाज आणखी चढला. "आज माझ्या मांडीजवळ तिचा जीव जात होता, आणि तुम्ही गुणगुणत होतात! गुणगुणत! एकदा तरी खरं सांगायचं होतंत! लग्न झाल्यापासून मी या घरात कुजबुजतेय! एकानं ओरडायचं तर एकानं गप्प बसायचं, म्हणून! कंटाळा आला मला! समोर बघा! सिग्नल सुटला! सुटला म्हणते ना!"

मास्तर दचकले. पाय क्लचवरून निसटला आणि गाडी भर चौकात बंद पडली. छतावर ड्रायव्हिंग स्कूलचा पिवळा बोर्ड, आत खुद्द मास्तर, आणि मागे हॉर्नची रांग. त्यांनी किल्ली फिरवली. पुन्हा बंद पडली.

"हे येत नाही तुम्हाला? आणि लोकांना शिकवता? क्लच दाबा आधी! क्लच!"

मागे पेटीत ठमाबाई पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. बारीक घोरण्याचा आवाज येत होता.

मास्तरांनी घाम पुसला. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची तेच त्यांना आठवेना.

"हळू बोल गं जरा," ते कसेबसे म्हणाले. "असं ओरडलं की माणसाला काही सुचत नाही."